पियानो थांबला तेव्हा

व्हेनिसचे तीन दिवस रांगांत आणि सुजलेल्या पायांत गेले. लिहायचंय ते तिथून रेल्वेने सव्वा-दीड तासावर असलेल्या पोर्देनोनेबद्दल. १९८२मध्ये सुरू झालेला मूकपट महोत्सव दर ऑक्टोबरात इथे भरतो, आणि मूकपटांना समोर बसून जिवंत साथ केली जाते.

पहिले दोन दिवस मी पडद्याजवळ बसले, तिथेच चुकलं. वेर्दी थिएटरात पियानो पडद्याखालच्या खड्ड्यात असतो, खालून वादक नीट दिसतच नाही. तिसऱ्या दिवशी वर गॅलरीत गेले. पियानोवर छोटा दिवा, उजेड बोटांपुरता. समोर नोटेशन नाही, मान वर, नजर पडद्यावर. बाई हसली की अर्ध्या श्वासाने सूर तिच्यामागून यायचा. आपल्याकडे जाणता पेटीवाला गायकाच्या मागे राहतो ना, अगदी तसा.

मग तिला पत्र येतं. पियानो खर्जातल्या एकाच सुरावर येऊन ठेपला आणि वादकाने हात उचलून मांडीवर ठेवले. अख्खं सभागृह गप्प. शेजारच्या आजींचा श्वास मला ऐकू येत होता. पडद्यावर तिने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तेवढा वेळ तो थांबला. मग एका हाताने पियानो सांभाळत दुसऱ्या हाताने त्याने बासरी ओठांना लावली. मला रडू आवरेना. त्यानंतरचे दोन चित्रपट पाहिले, पण आठवत नाहीत.

जाणार असाल तर खोली खूप आधी घ्या. मला गावाबाहेरची मिळाली. शेवटच्या खेळानंतर बस नाही, रोज अर्धा तास पायपीट. रोज चिडायचे. त्या रात्री मात्र रस्ता संपूच नये असं वाटलं.

डोक्यात फाळके होते. त्यांचा १९१९चा 'कालिया मर्दन' मी मोबाइलवर पाहिलाय, आवाज बंद करून, कारण मागे चिकटवलेलं संगीत सोसवेना. ज्या मुलखात मूकपटांसमोर पेटी-तबला वाजायचा, तिथली मी! आणि १९९४मध्ये याच महोत्सवात भारतीय मूकपटांचा मोठा विभाग झाला होता. फाळक्यांची चिमुकली मंदाकिनी कृष्ण होऊन फण्यावर नाचते, तेव्हा समोर पखवाज हवाच.

पुण्यात परतल्यावर पखवाज वाजवणाऱ्या मित्राला फोन केला. म्हटलं, "पाऊण तासाचा चित्रपट आहे. बघत बघत वाजवशील?"

तो म्हणाला, "आधी दाखव."