वारं कामून थांबलं?

जुन्या घराचं संग्रहालय केलेलं असलं की मी आधी स्वयंपाकघर शोधतो. दिवाणखान्यात काय असणार ते माहीत असतं. वाघाचं मुंडकं, लांब हातांची आरामखुर्ची, कुठल्या तरी सव्वाचारला बंद पडलेलं घड्याळ आणि 'हात लावू नये'. पण चूल कुठं होती, मोरीचं पाणी कुठं जात होतं, हे कळल्याशिवाय मला घर बघितल्यासारखं वाटत नाही. या खोडीला घरचे कंटाळलेत. म्हणून परवा मामेभावाला धरून नेलं. छावणीकडचा एक जुना बंगला. नाव सांगत नाही; दुपारच्या सुट्टीत कुलूप असताना रखवालदारानं आम्हाला आत घेतलं, त्या भल्या माणसाची नोकरी राहिली पाहिजे.

आमच्याकडं गोऱ्या साहेबाचे बंगले तसे मोजकेच. राज्य निजामाचं, साहेब आला तो बहुतेक फौजेबरोबर. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे ते आमचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकारी चालवायचे त्या फौजेच्या, छावण्या होत्या. नळदुर्ग तेवढं १८५३ पासून १८६० पर्यंत सरळ इंग्रजांकडं गेलं, आणि तिथला कारभार सुरुवातीला बघितला तो ठगांवर कादंबरी लिहिणाऱ्या मेडोज टेलरनं. बाकी आमच्या आजोबांच्या तोंडी 'साहेब' म्हणजे अव्वल तालुकदार, निजामाचा कलेक्टर. गोरा साहेब त्यांनी लांबूनच बघितलेला.

तर स्वयंपाकघर बंगल्यात नव्हतंच. मागं, अंगण ओलांडून वेगळं, साहेबाला धूर लागू नये म्हणून. त्याला दुसरं कुलूप, आणि त्याची किल्ली साक्षात मोठ्या साहेबांकडं. मी हिरमुसून परत आत आलो आणि वर बघत उभा राहिलो. छताला ओळीनं चार कड्या. तिथून नजर खाली आणली तर व्हरांड्याच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या वर, एक भोक.

रुपयाएवढं असेल. आतून लाकडी नळी बसवलेली, आणि तिची खालची कड दोरीनं घासून घासून अशी गुळगुळीत झालेली की जणू कुणी तूप चोळलंय. कड्यांना झालरीचा पंखा, पंख्याची दोरी भोकातून बाहेर, आणि बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसलेला माणूस. साहेब आत झोपणार, हा बाहेर ओढणार. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही.

मामेभावानं सरळ भोकात बोट घातलं. रखवालदार ओरडला, "साहेब, हात नका लावू!"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघून फिस्सकन हसलो. कारण हे काम आम्ही केलंय.

अंबाजोगाईचं आजोळ. माळवदाचं घर, वैशाखाची दुपार, आमरसाचं जेवण होऊन सगळे आडवे. आजोबा तहसिलीतले निवृत्त कारकून, शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळं हिशेब कायम उर्दूत. त्यांनी एका उन्हाळ्यात जुनं धोतर बांबूला शिवून घेतलं, बांबू तुळईला टांगला आणि सुतळी खिडकीच्या गजातून ओसरीवर काढली. दर ठरला, शंभर झोक्यांना पाच पैसे. मोजायचे त्यांनी, ओढायचं आम्ही. आतून आवाज यायचा, "सत्तावन, अठ्ठावन..." आणि साठाच्या आसपास घोरणं सुरू. जागे झाले की पुन्हा अठ्ठावनपासून. आमचं शतक कधी भरलंच नाही.

शेवटी मामेभावानं डोकं चालवलं. सुतळी पायाच्या अंगठ्याला बांधली, भिंतीला टेकला आणि गुडघा हलवत राहिला. हात मोकळे, हातात कैरी. पाच मिनिटांत तो झोपला, मी तर आधीच झोपलो होतो. मग आतून ते वाक्य आलं, जे आमच्या घराण्यात आजही लाइट गेली की कुणी ना कुणी म्हणतंच, "अरे लेकरांनो, वारं कामून थांबलं?" मामेभाऊ दचकून उठला, तसा अंगठ्याला हिसका बसला आणि आत धोतरासकट बांबू आजोबांच्या छातीवर. आजोबा उठून बसले, धोतर डोक्यावरून बाजूला केलं आणि म्हणाले, "एकसठ."

पंखा ओढणारे खरोखरच पायाला दोरी बांधून झोपत, हे मी पुढं कधीतरी वाचलं. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, शोध आमचाच.

त्या बंगल्यात वाघाखाली पाटी आहे, कुणी मारला त्याचं नाव आहे. भोकाखाली पाटी नाही. बाहेर पायरीवर बसलो तेव्हा मला आग्र्याचा किस्सा आठवला. १८७६ ची गोष्ट. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाची गाडी दारात वेळेवर लागली नाही, म्हणून त्यानं मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराला, मारलं. मोतद्दार मेला. पोटातली पांथरी (प्लीहा) आधीच सुजलेली होती, ती फुटली, असं निघालं. फुलरला दंड झाला तीस रुपये. शिक्षा फारच कमी म्हणून खुद्द व्हाइसरॉय लिटन चिडला, तर उलट इथले गोरे लोक लिटनवरच चिडले.

तीस रुपये, मी मामेभावाला सांगितलं. तो काही वेळ बोलला नाही. सवयीनं पायाचा अंगठा चोळत होता. रखवालदार चहा घेऊन आला, आम्ही तिघांनी बशीतून प्यायलो.

मग मामेभाऊ म्हणाला, "आजोबांकडं आपले पाच पैसे राहिलेच की रे."