मटण-भाकरीसाठी शंभर किलोमीटर? जाऊ नका

लातूरहून केजच्या पुढं, फाट्यावरून आत असलेल्या 'गावरान मटण थाळी'च्या हॉटेलची रील सध्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतेय. दसरा झाल्यावर मी आणि माझा मेहुणा मोटारसायकलवर तिथं जाऊन आलो. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर पडतात. आमचं ठाम मत झालंय की जाऊ नका. तरी कुणी जाणारच असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दिवसभर गाडी मारायची सवय, रेनकोट, पंक्चरचं सामान हे तुमच्याकडं असणारच, त्यावर बोलत नाही. रेणापूर, बर्दापूर, अंबाजोगाई हा टप्पा काही त्रास न होता पार पडतो. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, चहा घेतला, पुढं निघालो. सोयाबीनच्या दिवसांत एकच सांभाळा. रास रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली असते आणि तिच्याभोवती दगड मांडलेले असतात. अंधारात ते दगड दिसत नाहीत.

खरा घोळ फाट्याच्या आत आहे. रीलमध्ये 'फाट्यावरून जवळच' म्हणतात. ते जवळच म्हणजे सात-आठ किलोमीटर, आणि त्यातला निम्मा रस्ता उकरून ठेवलेला. गाड्या बाजूच्या शेतातून काढलेल्या वळणरस्त्यानं जातात. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता. काळी जमीन ओली झाली की काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांसाठी सांगतो. तिथं गाडी घसरते ही लहान अडचण आहे. चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. दर पन्नास पावलांवर उतरायचं, बाभळीच्या काटकीनं चिखल उकरायचा, परत ढकलायचं. चपलेला दोन-दोन किलोचे गोळे लागतात. मेहुणा मागून ढकलत होता, तो गुडघ्यापर्यंत भरला. बैलगाडीवाल्या एका काकांनी विचारलं, "कुठं निघालाव?" हॉटेलचं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "मटण खायला? तुमच्या गावात मिळत न्हाई व्हय?" त्यांना द्यायला आमच्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

एवढं करून पोचलो तर पाऊण तास नंबर. रीलमध्ये थाळी अडीचशेची, बोर्डावर तीनशे ऐंशी. विचारलं तर वाढपी म्हणाला, "रील मागच्या साली काढलंय, साहेब." 'अनलिमिटेड' म्हणजे फक्त रस्सा. भाकरी दोन, पुढची प्रत्येकी तीस. फोडी मोजून चार, आणि दुसऱ्या वाटीचे एकशेवीस. हे सगळं बिल आल्यावर कळलं, कारण बोर्डावर यातलं एक अक्षर नाही. दोघांचे एक हजार चाळीस झाले, पेट्रोल वेगळं.

चवीचंही सांगतो. तवंग लालभडक, पण तो रंगाचा. काळ्या मसाल्याचा वास नाही. मटण बोटानं दाबलं तर पिठासारखं भुगा होत होतं. माझ्या मते तो सोड्याचा परिणाम आहे. चुलीवर सावकाश शिजलेलं मटण मऊ होतं पण त्याचा धागा राहतो. पाटीवर 'उस्मानाबादी बोकड' लिहिलंय. त्या जातीची शेळी मराठवाड्यात दारोदार आहे, तिच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यात कशाला जायचं?

परतताना अंबाजोगाईच्या अलीकडं एका पत्र्याच्या खानावळीत थांबलो, तेही अंग धुवायला पाणी मिळावं म्हणून. मावशींनी हातपाय धुवायला बादली दिली आणि विचारलं, "पिठलं टाकू का?" मी चुलीजवळच बसलो. काठवटीत पीठ मळून तळव्यानं रेटत, फिरवत थापलेली भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरला. ते पाणी सुकायच्या आत उलटली, मग तवा उतरवून आरावर धरली. टम्म फुगली. पापुद्रा उचलून त्यात शेंगदाण्याची चटणी आणि करडईचं तेल घातलं. तेल त्यांच्या घरचं, घाण्याचं. सोयाबीन आल्यापासून करडईचा पेरा कमी कमी होत गेलाय, त्यामुळं हे तेल आता मागूनही मिळत नाही. ज्वारी मालदांडी, मागच्या रब्बीची. ताट नव्वद रुपये, आणि भाकरी पोट भरेपर्यंत, खरोखरची. मेहुणा पाचवी भाकरी मोडताना म्हणाला, "दाजी, हितंच थांबायला पायजे होतं." मी दमलो होतो, भिजलो होतो, म्हणून ते जास्त गोड लागलं असेल असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. त्यानंतर ताज्या पोटानंही तिथं जेवलोय, चव तीच आहे.

मग खाण्यासाठी लांब जायचंच नाही का? जा, पण जे तिथंच होतं, तिथंच खावं लागतं, त्यासाठी. हुरडा आगटीतून काढून हातावर चोळला की तिथंच खायचा. घरी नेलेला हुरडा म्हणजे चिवट दाणे. त्यासाठी थंडीत परभणी-जालन्याकडं जाणं वाजवी आहे. संभाजीनगरचा नान खलिया, म्हणजे नानबरोबर खायचा मटणाचा रस्सा, देगेत, पंगतीच्या मापानं शिजतो. चार माणसांच्या पातेल्यात तो जमत नाही. तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा लष्कराबरोबर तो आला असं तिथले लोक सांगतात. त्या शहरात काम असेल तर तो चुकवू नका. कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी मात्र वाट वाकडी करू नका. खवा खरपूस भाजलेला असतो, तो टिकतो, कुणाहीकडून मागवता येतो.

आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिवकडची माणसं पुण्या-मुंबईहून गाव गाठतात, लातूर शहर ओस पडतं. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे खोपटापुढं, बसून भज्जी (शेंगा-दाण्यांची मिसळ भाजी), आंबील, पिठाचे उकडलेले उंडे खायचे. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वालाचे दाणे त्या आठवड्यात शेतात असतात म्हणून ती भज्जी तशी लागते. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. पैसे देऊन हे जेवण मिळत नाही, म्हणून त्यासाठी रात्रभर एसटीत उभं राहून आलेलेही मला पटतात.

मटणच खायचं असेल तर आपल्या गावच्या खाटकाकडून डोळ्यादेखत तोडून घ्या आणि जवळच्या खानावळीत द्या. किलोमागे करणावळ घेऊन करून देतात. भाव आधी ठरवा, भाकरी धरून की वेगळी तेही विचारा, आणि मसाला काळाच घालायला सांगा.

तरीही त्या फाट्यावर जाणार असाल तर पाऊस होऊन दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय आत शिरू नका. गाडी मुख्य रस्त्यावरच्या टपरीवर लावून मालवाहू रिक्षानं जाता येतं, आम्हाला हे येताना कळलं. ताटावर बसायच्या आधी फोडी किती, भाकरी किती, दुसऱ्या वाटीचे किती, हे मोठ्यानं विचारा, म्हणजे शेजारच्या टेबलावरही ऐकू जाईल. आणि चारच्या आत परत फाटा गाठा. त्या वळणरस्त्यावर एकही दिवा नाही.