बादलीतले जुने पाणी

वाशीतल्या एका दातांच्या दवाखान्यातील फिशटँकचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यात 24 निऑन टेट्रा आणि पाच कोरी (तळाशी फिरणारे छोटे मासे) होते. टँक तीन फुटांचा, पाणी सुमारे 100 लिटर. आधी देखभाल करणारा माणूस सात-आठ महिने फिरकला नव्हता. स्वागतकक्षातल्या ताई रोज खाणे घालत आणि पाणी उडून कमी झाले की दवाखान्यातल्या आरओचे पाणी वरून ओतत. पाण्याला चहाचा रंग आला होता, खडीत बोट घातले की मळाचा ढग वर उठत होता, पण एकही मासा दगावलेला नव्हता. मला त्याच क्षणी शंका यायला हवी होती.

निऑनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. निळ्या रेघेखाली फक्त मागच्या अर्ध्या अंगावर तांबडा पट्टा असलेला हा दीड इंचाचा मासा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, आणि आम्लधर्मी पाण्यातला. आपल्याकडे दुकानदार मासे जोडीने विकतात, त्यामुळे लोक कौतुकाने एक जोडी निऑन घरी नेतात आणि ती बिचारी जोडी आठवडाभर झाडामागे दडून मरते. दहा-बाराच्या खाली निऑन विकूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. थवा घट्ट झाला की मासे खुशीत आहेत असे बघणाऱ्याला वाटते, प्रत्यक्षात ते घाबरलेले असतात. निर्धास्त निऑन टँकभर सैल विखुरतात. दवाखान्यातले 24 मासे त्या घाण पाण्यात अगदी सैल पोहत होते.

मी अर्धे पाणी काढले, खडी स्वच्छ केली, क्लोरीन मारणारे औषध घातले आणि नळाचे पाणी भरले. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे, ते मोजण्याचे किट पिशवीत होते, पण ते बाहेर काढले नाही. टँक इतका घाण होता की काय करायचे हे विचारायची गरजच मला वाटली नाही. त्या दिवशी सोसायटीच्या टाकीत मोरबे धरणाचे नेहमीचे मऊ पाणी नसून टँकरने आणलेले बोअरवेलचे जड पाणी होते, हेही मी विचारले नाही.

वीस मिनिटांत थवा कोपऱ्यात गोळा झाला. मग तो फुटला आणि एकेक मासा वेगवेगळा, तोंड वर करून, पृष्ठभागाशी धापा टाकू लागला. निळी रेघ विझल्यासारखी फिकी पडली. तेव्हा कुठे मी किट काढले. काढलेल्या पाण्याच्या दोन बादल्या अजून ओतून टाकायच्या राहिल्या होत्या. त्यातल्या पाण्याचा नमुना पिवळाधमक झाला, म्हणजे पीएच सहा किंवा त्याहून कमी. टँकमधला नमुना किटच्या सर्वांत वरच्या, 7.6 च्या निळ्या खुणेला जाऊन टेकला. अमोनियाची चाचणी दोन्हीकडे गर्द हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर.

मग सगळे उलगडले. माशांच्या मळातून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू आम्ल तयार करतात, त्यात पाण्यातले क्षार खर्च होत जातात, आणि आरओच्या पाण्यातून ते क्षार परत येत नाहीत. पीएच सहाच्या आसपास घसरला की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साठू लागतो. पण त्याच आम्लामुळे तो अमोनियमच्या, फारशा न बाधणाऱ्या रूपात राहतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचे प्रमाण साधारण दहापट होते. महिनोन्‌महिने निपचित पडून असलेले विष मी एका तासात स्वच्छ पाण्याने जागे केले.

जे मासे अजून हलत होते ते मी जाळीने उचलून बादलीतल्या जुन्या पाण्यात सोडले आणि त्यात एअर पंप लावला. एका धक्क्यातून सावरणाऱ्या माशांना उलट दिशेचा दुसरा धक्का देणे योग्य होते का, याचा विचार मी अजूनही करतो. संध्याकाळपर्यंत नऊ निऑन आणि दोन कोरी तगले. ते बादलीमुळे तगले की तसेही तगले असते, हे मला कधीच कळणार नाही. मेलेले 15 निऑन आणि तीन कोरी ताईंनी स्वतः कागदात गुंडाळले आणि आवारातल्या झाडाखाली पुरले.

पुढचे तीन आठवडे ते अकरा मासे एका टबात होते. माझ्या घरच्या टँकमधला चालू, ते जिवाणू वसलेला स्पंज फिल्टर मी तिथे नेऊन लावला. रोज दोन लिटर पाणी बदलायचे, तेही मोरबेचे आणि रात्रभर भरून ठेवलेले. हे काम ताईंनी एकही दिवस न चुकवता केले आणि रोजचा पीएच औषधांच्या जुन्या डायरीत लिहून ठेवला. अमोनिया शून्यावर आल्यावरच मी माशांना थेंबाथेंबाने टँकचे पाणी देत परत सोडले.

त्या दिवशी ताईंनी विचारले, “दादा, तुम्ही आला नसता तर ते सगळे जगले असते ना?”

मी म्हणालो, “अजून काही दिवस, हो.”

आणखी 15 निऑन आणा, असे डॉक्टर म्हणतात. मी थांबायला सांगितले आहे. लाकडाच्या ओंडक्यामागे ते नऊ मासे अजून एकमेकांना चिकटूनच आहेत.