काळी दाढी, नववा आठवडा

आज पहिल्यांदाच अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडा स्वच्छ दिसल्या. माशांची टाकी ६० लिटरची, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चालू, लाकूड भरपूर.

सुरुवातीचं तपकिरी शेवाळ म्हणजे डायटम. नव्या टाकीत ते येतंच. उरलंसुरलं ओटो या शेवाळखाऊ माशांनी चाटून साफ केलं. खरा छळ मांडला तो काळ्या दाढीनं, म्हणजे झुपक्यांनी वाढणाऱ्या काळ्या शेवाळानं. लाकडाची टोकं, फिल्टरच्या आउटलेटचं तोंड, अनुबियासची जुनी पानं, सगळीकडे झुपके. ओढायला गेलं तर पान फाटतं, दाढी सुटत नाही.

घाबरून मी खत बंद केलं. शुद्ध गाढवपणा! दाढी होती तिथेच राहिली, वर काचेवर हिरवे कडक ठिपके आले, जे ब्लेडशिवाय निघेनात. फॉस्फेट संपल्याची ही खूण. खत पुन्हा सुरू करून फॉस्फेट १ पीपीएमच्या आसपास आणलं, तेव्हा नवे ठिपके थांबले.

मग दाढीचं कारण शोधायला ड्रॉप चेकरवर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगानं दाखवणाऱ्या कुपीवर, पाळत ठेवली. सकाळी दिवे लागताना निळा (गॅस कमी), हिरवा (गॅस पुरेसा) व्हायला दुपार. तो तास-दोन तास मागे चालतो हे धरलं तरी फारच उशीर. गॅस आणि दिवे एकाच टायमरवर ठेवले होते ना! त्यात फिल्टरचा स्पंज तुंबलेला, प्रवाह लाकडामागे पोचतच नव्हता. आता गॅस दिव्यांच्या २ तास आधी सुरू होतो, दिवे ८ ऐवजी ६ तास. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळला, नळाच्या नाही.

आधीच्या झुपक्यांसाठी फिल्टर बंद करून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजनं थेट त्यांच्यावर सोडलं, एका वेळी एकूण १० मिली. बारीक बुडबुडे सुटले. ५ मिनिटांनी फिल्टर सुरू. तिसऱ्या दिवशी झुपके चक्क गुलाबी! नाव काळी दाढी, पण कूळ लाल शेवाळाचं. आणि इतके दिवस तिच्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या अमानो कोळंब्या त्यावर तुटून पडल्या. एकीनं अख्खा झुपका उपटला आणि दगडाआड धूम ठोकली, दुसरी तिच्या मागे.

नुकसान एवढंच, की जवळच्या मॉसवर पेरॉक्साइड गेलं आणि तेवढा भाग पांढरा पडला. आउटलेटवरची दाढी अजून आहे; तो नळ रविवारी पाणी बदलताना बाहेर काढून घासेन.