अठ्ठाविसावा रकाना

अमेरिकेच्या लष्करातील प्रत्यक्ष सेवेतून बाहेर पडणाऱ्याच्या हाती डीडी-२१४ नावाचा एक कागद पडतो. नोकरीच्या अर्जापासून घरकर्जापर्यंत आणि अखेरीस लष्करी दफनभूमीतील जागेपर्यंत सर्वत्र हाच कागद मागितला जातो. त्याच्या चोविसाव्या रकान्यात सेवेच्या प्रतीविषयीचा शेरा असतो आणि अठ्ठाविसाव्या रकान्यात मुक्ततेचे कारण. माझ्या एका अशिलाच्या कागदावर चोविसाव्या रकान्यात 'अनकॅरॅक्टराइज्ड' असा शब्द होता, म्हणजे सेवा चांगली की वाईट याविषयी लष्कराने काहीच म्हटलेले नव्हते. अठ्ठाविसाव्या रकान्यात मात्र 'एन्ट्री लेव्हल परफॉर्मन्स अँड कंडक्ट' असे छापलेले होते. प्रवेशाच्या पातळीवरील कामगिरी आणि वर्तन या कारणासाठी तिला परत पाठवले होते, एवढाच अर्थ तो कागद वाचणाऱ्या कोणालाही लागणार होता.

मी टेक्सासमध्ये माजी सैनिकांना विनामूल्य कायदेशीर मदत करणाऱ्या एका संस्थेत वकील म्हणून काम करते. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक बरीच वर्षे सेवा केलेले असतात आणि त्यांच्या कागदावर 'अदर दॅन ऑनरेबल', म्हणजे सन्माननीय नसलेली सेवा, असा जड शेरा असतो. प्रशिक्षण पुरे होण्याआधीच घरी आलेले लोक क्वचितच येतात, कारण आपण माजी सैनिक आहोत असे त्यांना स्वतःलाच वाटत नाही. ही मुलगी आली ती तिच्या वडिलांच्या आग्रहामुळे. वडील मूळचे सातारा तालुक्यातले. त्यांचे दोन चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि बेळगावच्या प्रशिक्षण केंद्राच्या गोष्टी ऐकत ते मोठे झाले होते. मुलीने एकोणिसाव्या वर्षी अमेरिकी लष्करात नाव नोंदवले तेव्हा त्यांनी गावी पेढे वाटायला पैसे पाठवले होते. ती काही महिन्यांतच परतली आणि त्यानंतर सुमारे नऊ वर्षे त्या घरात हा विषय कोणी काढला नाही. तिने काउंटीच्या आपत्कालीन दूरध्वनी केंद्रात नोकरीसाठी अर्ज केला आणि मुलाखतीत तिला विचारले गेले की वर्तन म्हणजे नेमके काय केले होते, तेव्हा तो पुन्हा उघडा पडला.

इथे नियम थोडा समजावून सांगणे आवश्यक आहे. तिच्या काळच्या नियमानुसार पहिल्या १८० दिवसांच्या सलग सेवेत सैनिक प्रवेश पातळीवर मानला जाई, आणि त्या मुदतीत त्याला परत पाठवताना साधारणपणे शेरा दिला जात नसे. एवढ्या थोड्या दिवसांवरून एखाद्या तरुणाचे मोजमाप करून त्याच्या कपाळावर जन्मभराची खूण उमटवू नये, असा त्यामागचा हेतू आहे आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. पण चोविसाव्या रकान्यात दाखवलेली ही दया अठ्ठाविसाव्या रकान्यातील एका ओळीने पुसली जाते. नोकरी देणारा माणूस नियमपुस्तिका उघडून पाहत नाही. तो 'वर्तन' हा शब्द वाचतो आणि पुढच्या अर्जाकडे वळतो.

मुलीला परत पाठवताना कोणीतरी सांगितले होते की सहा महिन्यांनी हा कागद आपोआप सुधारतो. हा समज अमेरिकेतील छावण्यांमध्ये कित्येक दशके फिरत आहे आणि तो पूर्णपणे खोटा आहे. आपोआप काहीही सुधारत नाही. मुक्ततेपासून १५ वर्षांच्या आत डीडी-२९३ या नमुन्यावर मुक्तता पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. ती मुदत टळली किंवा त्या मंडळाच्या अधिकाराबाहेरचे काही हवे असेल तर डीडी-१४९ या नमुन्यावर लष्करी नोंदी दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. दोन्ही ठिकाणी आरंभीच असे गृहीत धरले जाते की सरकारने आपले काम नीट केले होते. तसे झाले नाही हे पुराव्याने दाखवण्याचा भार अर्जदारावर असतो.

वडिलांची इच्छा होती की कागदावर 'ऑनरेबल' असे यावे. "ताई, एवढा एक शब्द आला की बाकी काही नको," असे ते पहिल्याच भेटीत म्हणाले. मी त्यांना स्पष्टपणे सांगितले की प्रवेश पातळीवरच्या माणसाला तो शेरा असामान्य परिस्थितीतच आणि लष्कर सचिवांच्या पातळीवरील मंजुरीनेच मिळतो, आणि आपण केवळ तेच मागितले तर मंडळ एका परिच्छेदात अर्ज निकाली काढील. माझे मत असे होते, आणि अजूनही आहे, की अशा प्रकरणांत लोक चुकीच्या रकान्याशी झगडत राहतात. तिचे रोजचे नुकसान कारणाच्या ओळीमुळे होत होते. म्हणून अर्जात पहिली मागणी कारण बदलण्याची ठेवली आणि शेऱ्याची मागणी तिच्यामागे पर्यायी म्हणून जोडली.

प्रकरण उभे राहिले ते कागदांवर. सेंट लुइस येथील राष्ट्रीय लष्करी नोंद केंद्राकडून सेवेची कागदपत्रे मागवली आणि वैद्यकीय नोंदी वेगळ्या मागवल्या. प्रशिक्षणाच्या सहाव्या आठवड्यात ती उजव्या खुब्याच्या दुखण्यासाठी छावणीतल्या दवाखान्यात गेली होती. तिथे एक्स-रे काढला होता आणि त्यात काही दिसले नव्हते. मांडीच्या हाडाच्या मानेला पडणारे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडणारी चीर, सुरुवातीला एक्स-रेवर पुष्कळदा दिसतच नाही, त्यासाठी एमआरआय करावा लागतो, आणि प्रशिक्षणातील मुलींमध्ये अशा फ्रॅक्चरचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते, हे लष्करी वैद्यकाला अनेक वर्षांपासून माहीत आहे. तरीही दवाखान्यातील माणसाने सावधगिरीने सात दिवस धावणे आणि भार घेऊन चालणे बंद, अशी चिठ्ठी दिली होती. त्या चिठ्ठीची तारीख आणि सेवेच्या कागदांतील एका समज-पत्राची तारीख मी शेजारी शेजारी ठेवली. चिठ्ठीच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या तुकडीतल्या वरिष्ठाने लिहून ठेवले होते की प्रशिक्षणार्थीने पाठपिशवीसह चालणे अर्ध्यात सोडले, तिच्यात प्रेरणेचा अभाव आहे आणि ती लष्करी जीवनाशी जुळवून घेऊ शकत नाही. पुढची सगळी कारवाई त्या समज-पत्रावर उभी होती, आणि त्या कारवाईत वैद्यकीय चिठ्ठीचा कोठेही उल्लेख नव्हता.

घरी परतल्यावर आठवडाभरात एका स्थानिक रुग्णालयात एमआरआय झाला आणि त्याच दिवशी तिला दाखल करून घेतले. मांडीच्या हाडाच्या मानेच्या वरच्या बाजूला, जिथे हाडावर ताण येतो, तिथे चीर गेली होती. ती सरकण्याचा धोका असल्यामुळे शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावे लागले. त्या रुग्णालयाच्या नोंदी आणि शल्यविशारदाचे एक पत्र आम्ही अर्जाला जोडले. ही इजा काही आठवड्यांच्या वाढत्या भाराने होते आणि भरतीच्या तपासणीत खुब्याविषयी कसलीही नोंद नसल्याने ती प्रशिक्षणातच झाली असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, एवढेच त्यांनी जपून लिहिले होते. मला तेवढेच हवे होते. मंडळापुढे अतिशयोक्त पत्र नेले की चांगला पुरावाही संशयित ठरतो.

सुनावणी व्हिडिओद्वारे, आमच्याच कार्यालयातून झाली. मंडळात अनेक सदस्य असतात आणि निर्णय बहुमताने होतो. केवळ कागद पाहून निर्णय द्या असेही अर्जदाराला सांगता येते, पण या प्रकरणात ती स्वतः बोलावी असा माझा आग्रह होता, कारण कागदांत एक जागा अशी होती जिचे उत्तर फक्त तीच देऊ शकत होती. मुक्ततेची नोटीस मिळाल्यावर तिने वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि लेखी म्हणणे मांडण्याचा असे दोन्ही हक्क सोडल्याची सही केलेली होती. मंडळ हे विचारणारच होते. आम्ही तयारी केली ती एवढीच की जे घडले ते तिने जसेच्या तसे सांगावे, रागाचा किंवा रडण्याचा आधार घेऊ नये, आणि आठवत नसेल ते आठवत नाही असे म्हणावे.

अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याने आधी दुखण्याविषयी विचारले. ड्रिल सार्जंटला तुम्ही स्पष्टपणे सांगितले होते का? ती म्हणाली, "हो सर. पहिल्यांदा सांगितले तेव्हा मला दवाखान्यात पाठवले. परत येऊन चिठ्ठी दाखवली तेव्हा साऱ्या पलटणीला माझ्यामुळे जादा व्यायाम करावा लागला. त्यानंतर मी सांगितले नाही." मग दुसऱ्या एका सदस्य बाईंनी, ज्यांचा स्वर तोवर फार कोरडा होता, सहीविषयी विचारले. ती क्षणभर माझ्याकडे पाहणार असे वाटले, पण तिने पाहिले नाही. "मॅडम, मला सांगण्यात आले की सही केली तर शुक्रवारपर्यंत घरी जाशील, आणि वकील मागितला तर आणखी कित्येक आठवडे इथेच राहावे लागेल. मला तेव्हा जिना चढता येत नव्हता. मी कागद वाचला नाही." खोलीत आणि पडद्यावरही बराच वेळ कोणी बोलले नाही. तो कोरडा स्वर नंतर पुन्हा ऐकू आला नाही. त्या बाईंनी चिठ्ठीची तारीख आणि समज-पत्राची तारीख स्वतः वाचून दाखवली आणि विचारले की हे दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातात एकाच वेळी होते असे मानावे का. मी म्हणाले की चिठ्ठीची एक प्रत तुकडीकडे ठेवण्यासाठीच दिली जाते, आणि या फायलीत ती तुकडीच्याच कागदांत सापडली आहे.

साक्षीदार म्हणून वडील बोलले. दुभाषी घेण्याचा पर्याय मी दिला होता, तो त्यांनी नाकारला. त्यांनी आपल्या संथ इंग्रजीत सांगितले की विमानतळावर ती भिंतीला धरून चालत बाहेर आली, आणि आपण तिला पहिला प्रश्न विचारला तो पाय कसा आहे हा नव्हता, तू काय केलेस हा होता. मी त्यांना हे सांगायला सुचवलेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्या वाक्याला फारसे वजन नसेल, पण मुलीने हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले, आणि मला वाटते की तिच्यापुरता त्या दिवसाचा निकाल तिथेच लागला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "ताई, मी बोललो ते चाललं ना?" मी म्हणाले, "दादा, खरं बोललात, चाललंच पाहिजे."

काही महिन्यांनी लेखी निर्णय आला. मंडळाने कारवाईत वैद्यकीय परिस्थितीचा विचार झालेला नाही, म्हणून ती न्याय्य नव्हती असे नोंदवले आणि कारण बदलून 'सेक्रेटेरियल ऑथॉरिटी', म्हणजे सचिवांच्या अधिकारात, असे केले. त्यानुसार कागदावरचा कारणाचा संकेतांकही बदलला. चोविसाव्या रकान्यातला शब्द तसाच राहिला. वडील निराश झाले आणि त्यांची निराशा मी समजू शकते, कारण माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या 'जीआय बिल' योजनेला 'ऑनरेबल' हाच शेरा लागतो आणि तो दरवाजा तिला बंदच राहिला. पण आता तिच्या कागदावर वर्तनाचा उल्लेख नाही, आणि जे कारण आहे त्यातून कोणतेही लांछन निघत नाही. दूरध्वनी केंद्राची ती जागा केव्हाच भरली गेली होती; तिने शेजारच्या काउंटीत अर्ज केला आणि तिथे ती रुजू झाली.

आणखी एक गोष्ट तिला नऊ वर्षे कोणीच सांगितली नव्हती. माजी सैनिक व्यवहार खात्याच्या नियमांत प्रवेश पातळीवरची शेरा नसलेली मुक्तता अपमानास्पद धरली जात नाही, आणि सेवेत झालेल्या इजेच्या भरपाईसाठी दोन वर्षांच्या किमान सेवेची अटही लागत नाही. भरतीच्या तपासणीत ज्या व्याधीची नोंद नाही तिच्याबाबत सैनिक प्रवेशाच्या वेळी धडधाकट होता असेच तिथे गृहीत धरले जाते. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी जवळपास हेच तत्त्व मांडले आहे, त्यामुळे वडिलांना ते समजावून सांगताना मला इकडचे उदाहरण शोधावे लागले नाही. कागदाची सुधारणा होण्याची वाट न पाहताच आम्ही हा दावा दाखल केला होता. तो मंजूर झाला. तिच्या खुब्यावरील उपचार आता खात्याच्या रुग्णालयात होतात आणि दरमहा भरपाईही मिळते.

मुक्ततेचे कारण वैद्यकीय अपंगत्व असे करून देणे पुनरावलोकन मंडळाच्या अधिकारात बसत नाही. ते फक्त नोंदी दुरुस्ती मंडळ करू शकते, आणि तिथे चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असली तरी न्यायाच्या हितासाठी ती शिथिल करता येते. पहिल्या मंडळाचा निर्णय, खात्याचा मंजुरीचा आदेश आणि शल्यविशारदांचे पत्र जोडून तो अर्ज आम्ही पाठवला आहे. यावेळी मजकुराचा पहिला मसुदा तिने स्वतः लिहिला, आणि मला त्यात तारखांखेरीज फारसे काही बदलावे लागले नाही.