आमची वाटचाल : बेल्टवरच्या फॅनपासून स्कॅनरपर्यंत

गॅरेज सुरू झालं तेव्हा ‘गाडी गरम होते’ या तक्रारीत रेडिएटरमधून हवा ओढणारा फॅन क्वचितच दोषी निघायचा. फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असे. बेल्ट शाबूत असेल तोवर तो फिरणारच. काही गाड्यांत मध्ये व्हिस्कस कपलिंग, म्हणजे सिलिकॉन तेलातून फिरण्याचा जोर पोचवणारा जोड, असायचा. गरम इंजिन बंद केल्यावर फॅन हाताने ढकलायचा. जराही अडखळ न वाटता तो गरगर फिरला, तर आतलं सिलिकॉन तेल गळून गेलंय हे कळायचं. फॅनची तपासणी तिथेच संपायची.

मग इंजिनं आडवी झाली, पुलीचं तोंड रेडिएटरकडे राहिलं नाही, आणि रेडिएटरमागे विजेची मोटर आली. त्या दिवसांपासून पान्याइतकाच टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज येते का हे दाखवणारा बल्ब, हातात राहू लागला. सुरुवातीची रचना सोपी होती. रेडिएटरच्या टाकीत थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापलं की आपोआप लागणारा स्विच, त्याला दोन वायरी. स्विचचा कप्लर (वायरींचा प्लग) काढून दोन्ही वायरी जोडल्या आणि फॅन फिरला, तर स्विच खराब. नाही फिरला, तर फ्यूज, रिले (छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट लावणारा स्विच) किंवा मोटर.

आता स्विचच्या जागी तापमान मोजणारा सेन्सर आहे, आणि फॅन कधी लावायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. तपासायच्या जागा वाढल्या, त्यामुळे क्रम पाळणं भाग पडलं. आमच्याकडे पहिला प्रश्न गाडीला नाही, गाडी चालवणाऱ्याला असतो: तापमानाचा काटा कधी वर जातो? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवा कमी पडतेय, म्हणजे फॅनकडे बघायचं. वेगात असतानाच चढत असेल, तर फॅन बदलून काही होणार नाही. तिथे जाम रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप शोधायचा. गाडी उभी असताना एसीची हवा कोमट लागते का, हेही विचारतो. रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला, म्हणजे कंडेन्सरलाही तोच फॅन हवा देतो, त्यामुळे बऱ्याचदा काट्याआधी एसीच तक्रार करतो.

दुसरी गोष्ट कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडायचं. सिस्टीम दाबाखाली असते, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण सैल केलं की ते क्षणात उकळून अंगावर येतं. पातळी आधी बघण्याचं आणखी एक कारण आहे. कूलंट खाली गेलं की सेन्सरचं टोक पाण्याबाहेर, वाफेत किंवा हवेत राहतं आणि तापमान कमी दाखवतं. इंजिन भाजत असतं, काटा मध्यावर असतो आणि फॅन लागत नाही. अशा गाडीत फॅनचा दोष शोधत बसलं तर दिवस फुकट जातो.

कूलंट ठीक असेल तर इंजिन चालू करून एसी लावायचा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. फिरला, तर मोटरपर्यंतची लाइन चालू आहे, संशय सेन्सरवर. तो तापेल तसा त्याचा रोध घटतो: 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओहम, 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास. सेन्सरचा कप्लर काढल्यावर बरेच ईसीयू खबरदारी म्हणून फॅन पूर्ण वेगात लावतात, तोही पुरावा धरतो. काट्यावर मात्र आम्ही विसंबत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मध्यावरच अडवून ठेवलेला असतो. खरा आकडा स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूला जोडून त्याचे आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, बघायचा. बहुतेक गाड्यांत 95 ते 100 अंशांच्या आसपास फॅन लागायला हवा.

एसी लावूनही फॅन फिरला नाही, तर रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये 30 आणि 87 ही मोटरच्या करंटची घरं फ्यूज घातलेल्या वायरने जोडतो. पाती आणि कप्लरपासून हात लांब. काही गाड्यांत हा फॅन चावी बंद असतानाही अचानक सुरू होतो. जोडल्यावर फिरला, तर मोटर चांगली आणि दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. रिलेच्या कॉइलच्या 85-86 या घरांपैकी ईसीयूकडे जाणाऱ्या घरात मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, ईसीयूमधला हुकूम देणारा भाग (ड्रायव्हर) जळू शकतो. तिथे मल्टिमीटर.

मोटरच्या कप्लरवर उलट. मल्टिमीटर तिथे सुखाने 12 व्होल्ट दाखवतो, कारण वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी लोड नसताना व्होल्टेज पोचतं. 21 वॅटचा बल्ब लावला की तोच धागा उघडा पडतो. फॅन फिरत असताना बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत, आणि मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजायचं. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर वाटेत गंजलेलं अर्थिंग किंवा जळका कप्लर आहेच.

या जळक्या कप्लरवर आमचं ठाम मत आहे. वितळलेला कप्लर बदलून गाडी सोडली, तर ती परत येते. बुश (मोटरच्या दांड्याचा आधार) झिजल्याने मोटर जड फिरते आणि जास्त करंट ओढते. समजा कप्लरमध्ये फक्त 0.1 ओहम रोध आहे आणि करंट 20 अँपिअर. 2 व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि 40 वॅट उष्णता तयार होते, जणू आत चालू सोल्डरिंग आयर्न ठेवलंय. म्हणून कप्लर बदलला की वायरीभोवती धरायच्या क्लॅम्प मीटरने मोटरचा करंट मोजल्याशिवाय काम बंद करत नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालायचा आग्रह होतो. तो आम्ही धुडकावतो. आधी फ्यूज जळायचा, मग वायरिंग जळेल. केबिनमधून फॅनला वेगळं बटण देण्याचंही तसंच. बटण लावायला विसरलं की इंजिन भाजून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) जातं.

दोन वेगांच्या फॅनमध्ये रेझिस्टर जळला की कमी वेग जातो, जास्त वेग राहतो. काटा जरा जास्त चढतो, मग फॅन जोरात सुटतो आणि काटा उतरतो. कुणाला वाटतं सगळं ठीक आहे.

हल्लीच्या ब्रशलेस मोटरींत कंट्रोल मॉड्यूल मोटरीवरच असतं आणि वेगाचा हुकूम बारीक सिग्नल वायरीवरून पल्समध्ये येतो. त्या वायरीला थेट बॅटरी लावायची नाही. जाड वायरींवर प्लस आणि अर्थ तपासायचे, मग स्कॅनरवरून फॅन टेस्ट चालवायची.

काम झाल्यावर एअर लॉक, म्हणजे कूलंटमध्ये अडकलेली हवा, काढून, एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवतो. फॅन दोनदा आपोआप लागून बंद झाला पाहिजे. शेवटी रेडिएटर-कंडेन्सरच्या पुढच्या बाजूला कागद धरायचा; तो जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर उडाला, तर नव्या मोटरीचे प्लस-मायनस उलटे जोडलेत.