एका बटणावर दोन संगणक आणि एक डिस्क

सुरक्षा विभागाचं तातडीचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, सकाळीच सपोर्टमध्ये माझ्याकडे आलं. त्यात थेट आरोप नव्हता, पण सूर तोच होता. हिशेब विभागातल्या, घरून काम करणाऱ्या एका सहकारी बाईंच्या लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क वारंवार जोडली जात होती. डिस्क कंपनीची नव्हती, एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलुपबंद, नव्हती. वेळाही संशय वाढवणाऱ्या होत्या: रात्री उशिरा, सुट्टीच्या सकाळी. काही मिनिटं डिस्क दिसायची आणि मग गायब व्हायची. ज्यांच्या हाताखालून सगळ्यांचे पगार आणि पुरवठादारांची बँक खाती जातात, त्यांच्या मशीनवर हे दिसल्यावर सुरक्षा प्रमुखांना लॅपटॉप तिथल्या तिथे बंद करायचा होता. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

मुदत मागायला कारण होतं. आमच्याकडे एन्क्रिप्ट नसलेल्या डिस्कवर काही लिहिताच येत नाही. कुणी प्रयत्न केला तर तो अडवला जातो आणि तशी नोंद पडते. इथे डिस्क जोडल्याच्या भरपूर नोंदी होत्या, पण अडवलेल्या प्रयत्नाची एकही नव्हती. माहिती चोरणारा माणूस डिस्क लावतो, काहीच करत नाही आणि काढून घेतो, पुन्हा पुन्हा असंच करतो, हे माझ्या गळी उतरेना.

मग इव्हेंट लॉग, म्हणजे लॅपटॉप स्वतःच ठेवतो ती घडामोडींची नोंदवही, उघडला. डिस्कच्या नोंदी सोडून मी तिच्या आजूबाजूच्या नोंदी वाचायला घेतल्या आणि तिथेच गाठ सुटायला लागली. यूएसबीमध्ये संगणक आधी हब, म्हणजे एका जोडणीतून अनेक पोर्ट देणारा भाग, ओळखतो आणि मग त्या हबला जोडलेली उपकरणं एकेक करून. इथे प्रत्येक वेळी तोच क्रम होता: हब, मग कीबोर्ड, माउस, कॅमेरा आणि डिस्क, सगळे एकापाठोपाठ, काही क्षणांत. जाताना सगळे एकदम. डिस्क हाताने लावणारा माणूस दर वेळी कीबोर्ड, माउस आणि कॅमेराही काढून लावत बसत नाही.

बाईंना फोन लावला. "तुमच्या टेबलावर दुसरा संगणकही आहे का?" असं विचारल्यावर पलीकडे शांतता. घरचा संगणक त्याच टेबलावर ठेवणं हाच गुन्हा असावा, असं त्यांना वाटलं. "तसं काही नाही, फक्त टेबल दाखवा," म्हटल्यावर त्यांनी मोबाइलचा कॅमेरा फिरवला. एक मोठा फोर-के मॉनिटर. त्याच्या पायाशी दोन दिव्यांची काळी डबी, म्हणजे केव्हीएम स्विच: एकच कीबोर्ड, मॉनिटर आणि माउस दोन संगणकांत वाटून देणारी. बाजूला मिटलेला ऑफिसचा लॅपटॉप, टेबलाखाली घरचा डेस्कटॉप. मी मॉनिटरच्या मागची बाजू दाखवायला सांगितली. स्टँडला दुहेरी चिकटपट्टीने एक पातळ डिस्क लावलेली होती आणि तिची आखूड केबल त्या डबीच्या रिकाम्या पोर्टमध्ये गेली होती.

"ही कसली?"

"मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, सर. आणि घरचे कागद. रोज बॅकअप होतो. खाली वाकून डेस्कटॉपमागे केबल लावणं जमत नाही, म्हणून इथे लावली."

त्यात काहीच वावगं नव्हतं. डबीवर रिकामं पोर्ट दिसलं की कुणीही तेच करेल. पण ते पोर्ट कुठल्या एका संगणकाचं नसतं. बटण दाबलं की कीबोर्ड ज्या बाजूला जातो त्याच बाजूला डबीतल्या हबवरची प्रत्येक वस्तू जाते. घरचं काम आटोपलं की रात्री त्या एकदा ऑफिसची मेल बघायच्या. तेवढ्यासाठी बटण दाबायच्या आणि फोटोंची डिस्क कंपनीच्या लॅपटॉपला जोडली जायची.

मी लॉग समोर ठेवून त्यांना बटण दाबायला सांगितलं. हब, कीबोर्ड, माउस, कॅमेरा, डिस्क. परत दाबलं, सगळे गेले. डिस्क काढून दाबलं, तर ती सोडून बाकीचे आले.

"म्हणजे तो चौकोन रोज यायचा तो यामुळेच?" त्यांनी विचारलं. लॅपटॉप डिस्क एन्क्रिप्ट करायची का असं विचारायचा आणि अपडेटचं काहीतरी असेल म्हणून त्या तो रद्द करायच्या. हे ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. एकदा जरी 'हो' म्हटलं असतं तर आमच्या धोरणानुसार डिस्क एन्क्रिप्ट व्हायला लागली असती आणि तिची रिकव्हरी की कंपनीकडे जमा झाली असती. एका घराचे फोटो कंपनीच्या किल्लीने कुलुपबंद झाले असते. या प्रकरणात सगळ्यांना कंपनीच्या माहितीची काळजी होती, आणि ती हवीच. पण घरच्या माहितीलाही तितकाच धोका होता आणि तो कुणाच्या तिकिटात नव्हता.

दुसरी शंका लगेच आली. बॅकअप चालू असताना बटण दाबणं म्हणजे लिहिता लिहिता केबल उपटणं. डिस्क एक्सफॅट या फाइली साठवायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली होती. त्या पद्धतीत जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंद, नसतं, त्यामुळे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायला आधार नसतो. मी म्हटलं, शेवटचा बॅकअप उघडून बघा. उघडेना. त्याआधीचाही उघडेना. मूळ फोटो डेस्कटॉपवर शाबूत होते, नाहीतर तो फोन मला फार जड गेला असता.

डिस्क थेट डेस्कटॉपमागे लावायला एक लांब केबल पुरली. तिथे प्रकरण मिटलं होतं, पण त्यांची आणखी एक जुनी तक्रार होती. बटण दाबलं की सगळ्या खिडक्या विस्कटतात आणि लॅपटॉपवर माउस अडखळत चालतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या माहितीतून देतो. साधा केव्हीएम दुसऱ्या बाजूला वळला की ती ओळख तुटते, संगणकाला मॉनिटर काढला असं वाटतं आणि तो खिडक्या हलवतो. महागडे केव्हीएम ती ओळख स्वतःच धरून ठेवतात. माउस अडखळण्याचं कारण म्हणजे डबी एचडीएमआय 1.4 ची, म्हणजे मॉनिटरला चित्र नेणाऱ्या जोडणीच्या जुन्या आवृत्तीची होती. त्यावर फोर-के चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं. 60 साठी एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट 1.2 लागतं.

मी चित्र त्या डबीतून पूर्ण बाहेरच काढलं. मॉनिटरला दोन इनपुट असतातच. लॅपटॉप यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्टला, डेस्कटॉप एचडीएमआयला, दोन्ही थेट. डबीकडे उरले कीबोर्ड आणि माउस, ज्यांना यूएसबी 2.0 सुद्धा भरपूर होतं. आता त्यांना दोन बटणं दाबावी लागतात, एक मॉनिटरचं आणि एक डबीचं. पण त्यांच्या मॉनिटरवर इनपुट बदललं तरी दुसऱ्या संगणकाशी जोड टिकून राहते, त्यामुळे खिडक्या जागच्या जागी राहिल्या.

कॅमेरा मी फक्त लॅपटॉपला लावायला सांगितला. त्यांनी नेटवर्कवरून दोन्ही संगणकांना एकच माउस पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही विचारलं. त्याला मी साफ नकार दिला. ती सॉफ्टवेअर सहसा क्लिपबोर्डही वाटून देतात. इकडे कॉपी केलेला खाते क्रमांक तिकडे पेस्ट होतो. टेबलावर वाटून घ्यायचं ते हातांनी आणि डोळ्यांनी वापरायचं, माहिती साठवणारं किंवा वाहून नेणारं काही नाही, ही रेघ मी या कामात कायम पाळतो. गोपनीय कामासाठी बनवलेले केव्हीएमही हीच रेघ पाळतात. त्यांच्या कीबोर्डच्या पोर्टमध्ये डिस्क लावली तर ते ती ओळखतच नाहीत.

संध्याकाळी अहवालाला लॉगची तीन पानं जोडली: डिस्क असतानाची, नसतानाची आणि जुन्या नोंदींतला तोच क्रम. सुरक्षा प्रमुखांनी ती शांतपणे वाचली आणि बाईंना स्वतः फोन केला, हे मला फार आवडलं. नंतर त्यांनी सुचवलं की कीबोर्डबरोबर आलेल्या डिस्कचा इशारा बंदच करून टाकू. मी विरोध केला. उद्या खरोखर कुणी असाच हब वापरून माहिती नेऊ शकतो. आता अशा नोंदी वेगळ्या रांगेत पडतात आणि लॅपटॉप गोठवण्याआधी सपोर्टमधून कुणीतरी त्या माणसाला टेबल दाखवायला सांगतो.